जांभळ्या टोपणाचा बल्ब

मार्चमध्ये आमच्या घरात आजारी पडायला कुणाला सवड नसते. द्राक्षं उतरवून शेडवर टाकलेली असतात, रॅकवर बेदाणा होत असतो आणि आप्पांचा डोळा आभाळावर. जरा ढग दिसला की त्यांना जेवण गोड लागत नाही. त्या वर्षी तीन दिवस सारखं भरून येत होतं. आप्पा पहाटे चारला उठून शेडवर चक्कर टाकायचे, सहाला चहाला घरी यायचे, पुन्हा जायचे. तासगावच्या बाजूला यात नवल काही नाही. त्या दिवसांत सगळीच घरं अर्धी शेडवर असतात.

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून सतरा वर्षं झाली. त्या दिवशी रात्रपाळी होती, आठला सुटणार होते. सात वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन आला.

“अगं, आप्पांच्या अंगावरनं वारं गेलं वाटतं. हातातनं कप पडला. तोंड एका बाजूला गेलंय, बोलायला येईना झालंय त्यांना.”

वारं गेलं. लहानपणापासून ऐकलेला शब्द. लॅबच्या फॉर्मवर हेच ‘सीव्हीए’, म्हणजे स्ट्रोक, असं लिहून येतं आणि मी ते वाचून पुढे जाते. आमच्या या शब्दात एक घोटाळा आहे. वारं आलं तसं निघून जाईल, असं त्यात कुठंतरी बसलेलं आहे. म्हणून माणसं वाट बघतात. कुणी तेल चोळतं, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं. शेजारच्या काकांनी आईला तेच सुचवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

“कुठं आहात आता?”

“दवाखान्यात. सलाईन लावलंय.”

भावानं फोन घेतला. “डॉक्टर म्हणाले, बाटली संपली की घेऊन जावा. प्रेशर वाढलंय म्हणे.”

“बाटली हातात धर नाहीतर काढून टाक, पण आत्ता गाडीत बस. आणि आप्पांना पाणी देऊ नको. घोटभरसुद्धा नको.”

तरीही तिथून निघेपर्यंत सात पस्तीस झाले. पाहुण्यांपैकी कुणीतरी “डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं” म्हणत आडवं आलं. त्या दवाखान्यावर माझा राग आहे, पण पूर्ण नाही. गावात वेळेला तोच एक उघडा असतो. राग आहे तो बाटलीचा. ती ग्लुकोजची होती.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा आकडा आमच्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेला आहे. गाडी येईपर्यंत मी त्याच भिंतीसमोर उभी होते. दवाखान्यात गेलेली पस्तीस मिनिटं गुणिले १९ लाख. ६ कोटी ६५ लाख. माझा धंदाच पेशी मोजण्याचा आहे, स्लाइडवर शंभर मोजल्या की आम्ही थांबतो. हा गुणाकार मी नको तितका वेळ करत राहिले. सरासरी आहे, प्रत्येकाचं तसंच होत नाही, हे माहीत होतं. पण तेवढ्यानं आकडा डोक्यातून जात नव्हता.

एक शहाणपण मात्र केलं होतं. फोन ठेवल्याबरोबर कॅज्युअल्टीत जाऊन सांगितलं की स्ट्रोक येतोय, साधारण सव्वाआठला पोचेल. त्यामुळे गाडी दारात लागली तेव्हा न्यूरोच्या मॅडम आलेल्या होत्या आणि सीटीचं टेबल रिकामं ठेवलेलं होतं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

मॅडमचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हताच. “यांना शेवटचं ठणठणीत कुणी बघितलं? किती वाजता?”

आई म्हणाली, “रात्रीपासनं गप गपच होते.”

मॅडमचा चेहरा बदलला. मला त्याचा अर्थ कळला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास मोजायचे ते माणूस शेवटचा धड होता तिथपासून, कप पडला तिथपासून नाही. रात्रीपासूनच बिनसलं असेल तर तो सरळ रस्ता बंद. आई बिचारी खरं तेच सांगत होती. ढग आले की आप्पा गप्प होतात, गेली चाळीस वर्षं.

भावानं आप्पांचा मोबाइल काढला. सहा बावीसला मुकादमाला फोन गेलेला होता, पावणेदोन मिनिटांचा. मॅडमनी तिथल्या तिथे स्पीकरवर लावायला लावला.

“आप्पा नीट बोलत होते का सकाळी?”

“नीट? शिव्या घातल्या की मला! चार नंबरच्या रॅकवर ताडपत्री का ओढली नाही म्हणून.”

मॅडमनी कागदावर ६.२२ लिहिलं. माझ्या आप्पांच्या शिव्यांचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतरचं सगळं एकाच वेळी चाललं होतं. एक डॉक्टर आप्पांना हात वर करायला सांगत होता; उजवा हात पलंगावरून हलेना. दुसऱ्यानं पेन दाखवून “हे काय?” विचारलं. आप्पांनी पेनाकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं, ओठ हलवले आणि आवाज आला नाही. स्ट्रोक मोजायची एक गुणांची पट्टी असते, शून्यापासून बेचाळीसपर्यंत, जास्त गुण म्हणजे जास्त नुकसान. आप्पांचे १३ भरले. प्रेशर १८८ वर १०२. बोटाला सुई टोचून साखर बघितली, २०६. आप्पांना मधुमेह नाही. धक्क्यानंही साखर चढते, पण मला ती ग्लुकोजची बाटली आठवली.

सिस्टरनी रक्त काढलं. जांभळ्या टोपणाचा बल्ब सीबीसीला, म्हणजे पेशी मोजायला, निळ्या टोपणाचा रक्त गोठण्याच्या तपासणीला, साधा बल्ब बाकीच्याला. मी हात पुढे केला आणि तिन्ही बल्ब घेऊन जिना चढले. पाळी संपली होती, सकाळची मुलगी लॅबमध्ये आलेली होती, मी जायची काही गरज नव्हती. खरं सांगायचं तर मी पळाले. खाली मला काही करता येत नव्हतं आणि वर सगळं करता येत होतं.

सीबीसी मिनिटभरात निघते. गोठण्याच्या तपासणीला आणि सीआरपीला (अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आधी रक्त फिरवून घ्यावं लागतं. सेंट्रिफ्यूज फिरत असताना मी टेबलाची कड धरून उभी होते आणि मशीनला मनातल्या मनात “आटप” म्हणत होते. सगळे कागद घेऊन धावत खाली आले तेव्हा नऊला दोन मिनिटं होती. मी कागद पुढे केला.

“ठेव तिथं,” मॅडम म्हणाल्या. “इंजेक्शन गेलं.”

आठ छप्पन्नला. सीटीत रक्तस्राव नव्हता. डाव्या बाजूच्या मधल्या धमनीची एक फांदी बंद दिसली. मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात ती मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी, ही फांदी तेवढी मोठी नव्हती. भावाला दोन वाक्यांत समजावलं होतं की या औषधानं शंभरातल्या तीन ते सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, न दिल्यास अपंगत्व राहण्याची शक्यता बरीच जास्त आहे. त्यानं सही केली होती. प्रेशर उतरवायचं इंजेक्शन देऊन १८५ च्या खाली आणलं होतं आणि मग गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेस दिलं, किलोला ०.२५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं, आप्पांच्या ६४ किलोंना १६ मिलिग्रॅम, एका दमात शिरेतून. पूर्वीचं अल्टेप्लेस तासभर पंपावर चालायचं.

आणि माझा कागद? या सगळ्यात रक्ताची एकच तपासणी अडून बसण्यासारखी असते. साखर. कारण साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब स्ट्रोकसारखा दिसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेटबद्दल शंका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बल्ब वर जातो आणि इंजेक्शन त्याच्यासाठी थांबत नाही. सतरा वर्षं मी स्ट्रोकचे बल्ब बाकीचं काम बाजूला सारून पळवत आले, खाली सगळे माझ्या कागदाकडे डोळे लावून बसले असतील या समजुतीत. त्या दिवशी जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत तो उतरला आणि मग बरंच वाटलं, की कुणी थांबलं नाही.

तो पहिला कागद अजून माझ्याकडे आहे. पांढऱ्या पेशी ९,८००. त्यांच्यातल्या दोन जाती: न्यूट्रोफिल ७१ टक्के, लिम्फोसाइट २२. सीआरपी ४. एका साठीतल्या शेतकऱ्याचा बऱ्यापैकी रिपोर्ट.

संध्याकाळी उजव्या हाताची बोटं हलली. आईनं आधी बघितली. आम्ही दोघं भावंडं मॉनिटरकडे बघत होतो, ती हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटी झाला. चोवीस तास झाल्यावर तो करतात, आणि त्यात रक्तस्राव नसेल तरच ॲस्पिरिन सुरू करतात. नव्हता. गुण १३ वरून ७ वर आले होते. आनंदाची बातमी होती आणि आम्ही तासभर आनंदात होतो. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी १३,६००. न्यूट्रोफिल ८६, लिम्फोसाइट ८. सीआरपी ३८.

भावाचं डोकंच फिरलं. कोविडनं घराघरात सीआरपी शिकवला आहे. त्या दोन वर्षांत त्यानं चुलत्याचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवरून एवढे फिरवले होते की न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं हेही त्याला ठाऊक होतं. काल सव्वातीन, आज पावणेअकरा. “इन्फेक्शन झालंय. अँटिबायोटिक का देत नाहीत ही माणसं?” तो माझ्यावरच ओरडला. मी त्याला गप्प केलं, पण आतून मलाही तेच वाटत होतं. हेच आकडे दुसऱ्या कुणाचे असते तर मी सही करून पुढचा बल्ब घेतला असता.

रात्री बाकावर झोप लागेना. मी लॅबमध्ये गेले. रात्रपाळीच्या मुलानं काही विचारलं नाही. रॅकमधून आप्पांचा जांभळा बल्ब काढला, हलकेच उलटसुलट केला, काचेवर थेंब घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढला. हात थरथरला, फिल्म जाड आली. दुसरी ओढली. तिला हवी तशी जिभेसारखी शेपूट आली. लेशमनचा रंग ओतून दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर, आठ मिनिटं. या आठ मिनिटांत एरवी मी चहा पिते. धुतली, उभी करून वाळवली, तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली.

फिकट गुलाबी तांबड्या पेशींचा सडा आणि त्यात जागोजागी न्यूट्रोफिल. जांभळट केंद्रकाचे तीन-चार तुकडे, बारीक धाग्यानं एकमेकांना जोडलेले. डीएमएलटीच्या पहिल्या वर्षी मी ते बघितले तेव्हा मला काडीला लागलेले बेदाणे वाटले होते, आणि वर्गात हे बोलून दाखवल्यावर सगळे हसले होते. आता ते काडीचे बेदाणे आप्पांच्या रक्तात होते. शंभर मोजले. पंच्याऐंशी न्यूट्रोफिल, नऊ लिम्फोसाइट. मशीन खरं बोलत होतं. मी दुसरंच काहीतरी शोधत होते. जंतूंशी झुंज चालू असली की न्यूट्रोफिलच्या पोटात गडद, भरड दाणे दिसतात, आणि अर्धवट वयाच्या, तुकडे न पडलेल्या पेशी रक्तात यायला लागतात. दाणे नव्हते. कोवळ्या पेशी शंभरात दोन. मी तिसरीही स्लाइड ओढली. तिच्यातही नव्हते.

सकाळी राउंडला मॅडमना मी स्लाइडचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आई शेजारी उभी होती म्हणून तिच्याकडे वळून म्हणाल्या, “आप्पांच्या रक्तात सूज दिसतेय. पण ती स्ट्रोकचीच आहे.”

“रक्ताला सूज कशी येते?” आईनं विचारलं. रास्त प्रश्न होता. मराठीत ‘सूज’ म्हटलं की सुजलेला पाय डोळ्यासमोर येतो, ‘दाह’ म्हटलं की आग. दोन्ही शब्द अपुरेच पडतात.

मॅडमनी विचारलं, “पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होतं?”

“लाल होतं. ठणकतं. पिकतं एखाद्या वेळी.”

“तो लालपणा काट्याचा नसतो, तुमच्या अंगाचा असतो. काटा काढायला अंग माणसं पाठवतं. आप्पांच्या मेंदूचा एक तुकडा मेलाय. तिकडेही माणसं निघालीत.”

मला पुढचं जरा जास्त सांगितलं. ते मी लिहून ठेवलं होतं, म्हणून नीट आठवतं. न्यूट्रोफिल काही एका रात्रीत नवे तयार झालेले नव्हते. निम्म्याच्या आसपास न्यूट्रोफिल एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेले असतात. आमच्या मशीनला ते दिसतच नाहीत. धक्का बसला, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल चढलं, की ते सुटून प्रवाहात येतात, आणि मागून हाडांतल्या मगजातूनही भर पडते. त्याच कॉर्टिसॉलनं लिम्फोसाइट खाली जातात. म्हणजे भागाकाराचे वरचे आणि खालचे दोन्ही आकडे एकाच वेळी उलट दिशेनं पळतात. सीआरपी यकृतात बनतो. मेंदूकडून आणि पेशींकडून सांगावा गेल्यावर सहा-आठ तासांनी तो चढायला लागतो आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटी कळसाला पोचतो. पहिल्या दोन तासांत घेतलेल्या रक्तात तो ४ होता तो याचमुळे. बातमी अजून यकृतापर्यंत पोचलीच नव्हती. येतानाच सीआरपी चढलेला असला तर मॅडम जास्त सावध होतात. त्या माणसाच्या अंगात आधीपासून काहीतरी धुमसत असतं आणि अशांचं पुढे जड जातं. (सीआरपी मुळात सापडला तो १९३० साली, न्यूमोनियाच्या रुग्णांत. परीक्षेला आला होता. नावं टिलेट आणि फ्रान्सिस. कशाला लक्षात राहतं कोण जाणे.)

“मग ही सूज वाईट की चांगली?” मी विचारलं.

“दोन्ही. म्हणून तर पंचाईत आहे.” न्यूट्रोफिल मेलेल्या भागात साफसफाईला जातात, पण जाताना बारीक केशवाहिन्यांत अडकून बसतात. मोठी नळी उघडली तरी पुढच्या गल्ल्या तुंबलेल्याच. ते जे विकर (एन्झाइम) सोडतात त्यानं रक्तवाहिनीची भिंत सैल होते, आणि गुठळी विरघळवायचं औषध दिलेलं असताना सैल भिंत म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. रुग्णांच्या मेंदूतून तारेनं ओढून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत न्यूट्रोफिलनं स्वतःच्याच डीएनएची टाकलेली जाळी सापडली. असल्या जाळीनं विणलेली गुठळी औषधाला दाद देत नाही.

मी रात्रभर मनात धरलेला प्रश्न विचारला. मग हे न्यूट्रोफिल अडवायचं औषध का देत नाही?

दिलेलं आहे, त्या म्हणाल्या. पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देणारं एक प्रतिपिंड होतं, एन्लिमोमॅब. प्राण्यांमध्ये छान चाललं. ६२५ रुग्णांवर चाचणी झाली, २००१ साली निकाल छापून आला. औषध मिळालेले रुग्ण न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाले, ताप आणि संसर्ग जास्त. अलीकडे चीनमध्ये सीआरपी चढलेल्या आठ हजारांवर रुग्णांना कोल्चिसिन हे सूज उतरवायचं औषध देऊन पाहिलं. पुन्हा स्ट्रोक यायचं प्रमाण काही कमी झालं नाही, तो निकाल २०२४ चा. आणि माझ्या भावाच्या अँटिबायोटिकचंही झालेलं आहे. २०१५ साली नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर स्ट्रोकच्या रुग्णांना आधीच देऊन बघितलं, नंतरचं अपंगत्व घटलं नाही. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी तसाच निकाल.

“म्हणजे आपण नुसतं बघत बसायचं?” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

“बसायचं कुणी सांगितलं?” मॅडमनी सिस्टरच्या हातातला तक्ता दाखवला. ताप, साखर, गिळणं. तीन दिवस, दर काही तासांनी. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिटमध्ये नर्सेसनी एवढ्या तीन गोष्टी काटेकोर सांभाळल्या आणि मृत्यू व अपंगत्व घटलं, २०११ साली ते छापून आलं. ताप साडेसदतीस अंश सेल्सिअसवर गेला की पॅरासिटॅमॉल. साखर चढली की इन्सुलिन. आणि गिळण्याची चाचणी पास होईपर्यंत तोंडातून काही नाही. आप्पा ती नापास झाले होते, नाकातून नळी होती. “सूज दाबता येत नाही. तिच्यात तेल ओतू नये एवढं जमतं.”

माझ्या डोक्यात अडकून राहिले ते ८ टक्के. सगळ्यांचा डोळा ८६ वर होता. लिम्फोसाइट पडले म्हणजे पुढचे काही दिवस अंगाचा पहारा ढिला. मेंदूतली आग शमवण्यासाठी शरीर स्वतःच प्रतिकार मंद करतं असं म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच माणसाला स्वतःची थुंकी नीट गिळता येत नसते.

त्या दुपारी आत्या आली. आप्पांची थोरली बहीण, पंचाहत्तरीची. एसटीनं आधी नरसोबाच्या वाडीला गेली, तिथून तीर्थाची बाटली घेऊन मिरजेला. मी खाली फार्मसीत होते, आई हात धुवायला गेली होती. परत आले तेव्हा आप्पा खोकत होते, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि आत्या त्यांची छाती चोळत होती. “दोनच चमचे दिलं गं. तीर्थच आहे.”

मी काही बोलले नाही. सिस्टर बोलल्या, बऱ्यापैकी जोरात.

तिसऱ्या रात्री ताप १०१ वर गेला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात डाग. सीआरपी ११२. मी स्लाइड ओढली, आणि या वेळी ते होते. न्यूट्रोफिलच्या पोटात गडद भरड दाणे, आणि तुकडे न पडलेल्या कोवळ्या पेशी शंभरात अकरा. मॅडम माझ्या स्लाइडसाठी थांबल्या नाहीत हे सांगायला नकोच. ताप बघून, छातीला स्टेथोस्कोप लावून अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं होतं. भावानं माझ्याकडे बघितलं. त्याला म्हणायचं होतं की बघ, मी म्हणत होतो. पण परवा दिलं असतं तर हे टळलं असतं असं कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि आता ते त्यालाही माहीत होतं.

“त्या तीर्थानं झालं का?” मी मॅडमना एकटीच असताना विचारलं.

“झालं असेल. झोपेत स्वतःची लाळ उतरूनही होतं, बऱ्याचदा तसंच होतं. कुणालाच सांगता येणार नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्यांना सांगू नका.”

आत्याला आम्ही सांगितलेलं नाही. ती अजून सगळ्यांना सांगते, तीर्थ दिलं आणि भाऊ वाचला.

सातव्या दिवशी ताप उतरलेला होता, सीआरपी २१. नवव्या दिवशी गिळण्याची चाचणी पास. पहिल्यांदा दिला तो रव्याचा घट्ट सांजा. पातळ पदार्थ आवरायला जास्त अवघड असतात, म्हणून घट्टापासून सुरुवात. आप्पांनी तो सावकाश गिळला आणि आईकडे बघून स्पष्ट म्हणाले, “पेटी.”

आम्हाला वाटलं बेदाण्याची काळजी. “भरल्या आप्पा पेट्या. सगळा माल पावसाच्या आधी निघाला,” भावानं सांगितलं. आप्पांनी वैतागून मान हलवली आणि पेल्याकडे बोट केलं. “पेटी!” त्यांना पाणी हवं होतं. मेंदूतल्या शब्दांच्या कपाटातून सध्या तेवढा एकच शब्द हाताला लागत होता. चष्मा पेटी, पाणी पेटी, मी पण पेटी. स्पीच थेरपीच्या मुलीनं सांगितलं की हसू नका, आणि त्यांच्या ऐवजी शब्दही बोलू नका. आई दोन्ही करायची.

घरी सोडताना मॅडमनी प्रेशरच्या गोळीचं विचारलं. खिशातलं पाकीट निघालं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच्या गोळ्या तशाच होत्या. काढणीच्या गडबडीत बंद. “बरं वाटत होतं त्यांना,” आई म्हणाली.

महिन्यानं फेरतपासणीला आणलं तेव्हा रक्त मीच काढलं. आप्पांच्या डाव्या हाताची शीर चांगली फुगते, शेतकऱ्याचा हात. जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये दोन मिली, टोपण लावून आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट. सीआरपी ३ निघाला, न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट ३०. ते नंतर. आधी सुई काढली तेव्हा टोचल्या जागेवर थेंब आला. आप्पांनी थेंबाकडे बघितलं, शब्द शोधला, ओठ दोनदा हलले, आणि मग उजवा हात, तोच, हळूहळू उचलून माझ्यापुढे पसरला.

“पेटी दे.”

मी कापसाचा बोळा दिला.